कापलेल्या तारेचं टोक

प्रश्न गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आला आहे. विचारणारी एका लहान पाणीप्रकल्पावर कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाली आहे. जुलैतल्या एका रात्री तिच्याकडचे दोन्ही पंप पाच मिनिटांच्या अंतराने बंद पडले. सकाळी पाहतात तर कुंपणाची तार एका जागी कापलेली. चहा व्हायच्या आत गावच्या ग्रुपवर मजकूर फिरू लागला, ‘पंपाला घातपात, नळाचं पाणी पिऊ नका.’ तिचे प्रश्न दोन आहेत. खरोखर घातपात असेल तर तो ओळखायचा कसा? आणि आमच्यासारख्या आडबाजूच्या केंद्राला कोण कशाला हात लावील?

वीज आणि पाणी, दोन्हीकडच्या केंद्रांवर मिळून माझी ३३ वर्षं गेली. त्यातली शेवटची नऊ तपासण्या करण्यात, म्हणजे कुठल्या कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला टांगलेली असते ते बघत फिरण्यात. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ते मला जास्त खात्रीने देता येतं.

हात लावणारा बहुधा तुमचं केंद्र ओळखणारा असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मरूची म्हणून भाग आहे. २००० साली तिथल्या सांडपाण्याच्या यंत्रणेत चमत्कारिक बिघाड सुरू झाले. पंप मधेच थांबत, भोंगे वाजायला हवे तेव्हा गप्प राहत, पंपहाऊसचा मुख्य केंद्राशी संपर्क तुटे. यंत्रणा नवी होती, तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की नव्याची कुरबुर आहे, बसेल हळूहळू. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेलं. शेवटी पोलिसांनी एक गाडी अडवली. आत लॅपटॉप आणि रेडिओ संच. गाडीतला माणूस ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतच पूर्वी कामाला होता. ती नोकरी सोडून त्याने तिथल्या नगर परिषदेकडे अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. राग काढायला त्याने दोन महिन्यांत निदान ४६ वेळा यंत्रणेत ढवळाढवळ केली. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

माझं लक्ष त्या ४६ वर अडकतं. पहिल्या चार-पाच वेळा कुणाला कळलं नाही हे मी समजू शकतो. पण चाळिसाव्या वेळेपर्यंत?

तसाच दुसरा प्रकार मी आपल्याकडे पाहिलाय. केंद्राचं नाव घेत नाही. दुरून पंप चालू-बंद करता येईल अशी यंत्रणा तिथे बसवलेली होती. नोंदी चाळताना दिसलं की रात्री दोन-अडीचच्या सुमाराला कोणीतरी बाहेरून आत शिरतं, एक पंप बंद करून दुसरा चालू करतं आणि निघून जातं. आठवड्यातून तीनदा. ज्या नावाने शिरत होतं तो माणूस कंत्राटदाराची नोकरी सोडून १४ महिने झाले होते. आम्ही हादरलो. चौकशीअंती निघालं ते असं: त्याचा जिवलग दोस्त अजून रात्रपाळीला होता, आणि दोस्ताला झोप मिळावी म्हणून हा डिचोलीतल्या आपल्या घरातून मोबाईलवर पंप बदलून द्यायचा. पासवर्ड म्हणजे गावच्या देवाचं नाव आणि पुढे १२३. तोही पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला. हसू आलं, पण मैत्रीच्या जागी राग असता तर हीच वाट होती.

ओळखीच्या माणसाखेरीज आणखी तिघे तुमच्या कुंपणाशी येऊ शकतात. एकाला तुम्ही कोण हेच ठाऊक नसतं. २०२२ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-निरीक्षण यंत्रणेच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. नद्यांवरच्या १५ ठिकाणांहून पाण्याची पातळी आणि पावसाचे आकडे त्या सर्व्हरवर यायचे. सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवायला बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले. आता सांगा, गोव्यातल्या नदीला किती पाणी चढलंय याच्याशी त्या चोराचं काय वैर? काही नाही. असे लोक इंटरनेटवर उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम सोडून ठेवतात. दार कोणाचं हे ते मागाहून बघतात. म्हणून ‘आम्ही लहान, आमच्याकडे कोण येतो’ ही समजूत टाकून द्या. लहान केंद्राचं दार सताड उघडं असतं एवढं त्यांना पुरतं.

दुसरा भंगारवाला. याच्याविषयी गंभीरपणे बोललं की बैठकीत लोक हसतात. पण मी पाहिलेल्या तोडफोडीतली सर्वात जास्त तांब्यासाठी होती. एका उपकेंद्रावर चोरांनी अर्थिंगच्या, म्हणजे बिघाडातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या, तांब्याच्या पट्ट्या कापून नेल्या. दिवे चालू, पंखे चालू, मीटर ठीक, त्यामुळे तीन आठवडे कोणाला पत्ता नाही. त्या तीन आठवड्यांत कुठे शॉर्ट झाला असता तर आवारातल्या लोखंडी जाळीला हात लावणारा माणूस जागच्या जागी गेला असता. चोराला वीज तोडायची नव्हती, माणूस मारायचा नव्हता. त्याला किलोमागे पैसे हवे होते. त्याचा हेतू कोर्ट बघेल, माझ्या लाईनमनला दोन्ही सारखंच.

आणि चौथा, धीर धरून काम करणारा खरा शत्रू. तो येतो तेव्हा काहीच मोडत नाही. तो माहिती गोळा करतो. शेजारच्या कारवारच्या नौदल तळाची उदाहरणं आपण वर्तमानपत्रांत वाचली आहेत. २०१९ च्या डिसेंबरात विशाखापट्टणम, कारवार आणि मुंबईतल्या नौदल कर्मचाऱ्यांना हेरगिरीच्या प्रकरणात अटक झाली. फेसबुकवर ओळख झालेल्या बायकांना ते जहाजांची माहिती देत होते असा आरोप होता. त्यानंतर नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोनलाच बंदी घातली. तुमच्याकडे युद्धनौका नाहीत हे खरं. पण रुजू झाल्याच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये उभं राहून काढलेला फोटो कोणी टाकला नाहीये? मागे पॅनेल, पॅनेलवर कुठली वाहिनी कुठे जाते ते दाखवणारा एकरेषीय नकाशा, शेजारी फळ्यावर पाळीच्या लोकांचे नंबर. मी एकदा अशा अभिनंदनाच्या फोटोंवरून एका केंद्राचं अर्धं चित्र चहा पिता पिता जुळवून दाखवलं होतं. तिथल्या साहेबांना ते फारसं आवडलं नाही.

आता पहिला प्रश्न. पहिल्या दिवशी घातपात ओळखता येत नाही. मला तरी कधी आला नाही, आणि जे ‘बघताक्षणी कळलं’ म्हणतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. साडेचार महिन्यांनी एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला की भारताच्या वीजयंत्रणेत चिनी हॅकरांनी शिरकाव केला होता. राज्याच्या मंत्र्यांनी सांगितलं की सायबर घातपाताच्या खुणा सापडल्यात. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक. त्या दिवशी कळवा-पडघा पट्ट्यातल्या वाहिन्या एकामागोमाग ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, झाल्या होत्या, आणि एक आधीच दुरुस्तीसाठी बंद होती. शिरकाव आणि वीज जाणं या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, तरी एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. फ्लोरिडात ओल्ड्समार गावी २०२१ च्या फेब्रुवारीत पाण्यात सोडायच्या कॉस्टिक सोड्याचं प्रमाण स्क्रीनवर एकदम शंभरपट झालेलं एका ऑपरेटरला दिसलं. त्याने ते तिथल्या तिथे पूर्ववत केलं. हॅकरने पाण्यात विष कालवायचा प्रयत्न केला अशी बातमी जगभर झाली. दोन वर्षांनी तिथलेच माजी अधिकारी सांगू लागले की बाहेरचं कोणी आलंच नसावं, कर्मचाऱ्याचीच चूक असावी.

उलट बाजूचं उदाहरण तर आपल्या मुरगावचं आहे. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा जर्मनीची एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राऊनफेल्स आणि इटलीचं अन्फोरा ही जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला आली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोव्यात त्यांना धोका नव्हता. ब्रिटिशांचा संशय असा की एहरेनफेल्सवरच्या चोरट्या बिनतारी संचावरून पाणबुड्यांना सावज कळवलं जातंय. ९ मार्च १९४३ च्या रात्री गाळ वाहणारं एक बार्ज बंदरात शिरलं. त्यात लपून आलेले बरेचसे लोक कलकत्त्याच्या लाईट हॉर्स नावाच्या हौशी घोडदळातले, पोट सुटलेले व्यापारी आणि मळेवाले. ते एहरेनफेल्सवर चढले. जर्मन खलाशांनी जहाज बुडवायची तयारी आधीच करून ठेवली होती. पाहता पाहता चारही जहाजं त्यांच्याच खलाशांनी पेटवली आणि बुडवली. ब्रिटननं तोंड उघडलं नाही. १९७८ पर्यंत ही हकीकत गुप्त राहिली. किनाऱ्यावरून दिसलं ते एवढंच, की कंटाळलेल्या खलाशांनी आपलीच जहाजं जाळली. आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. जाळली त्यांनीच. फक्त का, हे ३५ वर्षं कोणाला कळलं नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी ‘घातपात आहे का?’ हा प्रश्न सोडा. त्याऐवजी विचारा, रोजच्यापेक्षा वेगळं काय घडलं? आणि इथेच आपलं घोडं अडतं, कारण रोज काय घडतं तेच आपल्याला माहीत नसतं.

मी तरुण होतो तेव्हाची गोष्ट. एका पंपहाऊसवर कंत्राटी कामगारांचा संप चालू होता. मध्यरात्री पॅनेल धाडकन उडालं, धूर झाला, वॉचमन पळत सुटला. संपवाल्यांचंच काम, असं साहेबांनी जागेवरच ठरवलं आणि पोलिसांना फोनही झाला. सकाळी पॅनेल उघडलं तर बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, भाजलेली पाल. खालची केबल आत येते तिथलं भोक बुजवायचं राहून गेलं होतं. मग जुनी लॉगबुकं काढली तर दर पावसाळ्यात, जून-जुलैत, त्या पॅनेलच्या एक-दोन ट्रिप. प्रत्येकीपुढे एकच शेरा: ‘अज्ञात कारण, पूर्ववत केले.’ सात वर्षं अज्ञात कारण! संपकऱ्यांपैकी दोघांना मात्र त्या रात्री चौकीवर बसवून ठेवलं होतं. त्यातला एक नंतर कित्येक वर्षं मला बाजारात भेटला की विचारायचा, ‘पाल मेळ्ळी मगो?’ म्हणजे, पाल सापडली ना?

तुमच्या दोन पंपांचं बोलू. पाच मिनिटांचं अंतर ऐकून गावाला संशय आला. मला उलट थोडा धीर आला. जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले तापून सुटतो, आणि तो किती वेळात तापणार हे त्याचं सेटिंग आणि पंपावरचा भार यांवर ठरतं. रात्री एका फेजचा दाब उतरला असेल तर दोन्ही मोटरी जास्त करंट ओढणार, एक आधी सुटणार, दुसरी चार-पाच मिनिटांनी. म्हणून पहिलं काम, ज्या उपकेंद्रावरून तुमचा फिडर, म्हणजे वीजवाहिनी, येतो तिथे जाऊन त्या रात्रीची नोंद बघा. फोनवर विचारू नका, स्वतः बघा. दुसरं, नदीच्या तोंडाची जाळी. जुलैत तिथे पालापाचोळा आणि ओंडके अडकतात, पंप कोरडा पडायला लागतो. तिसरं, रिलेचा फ्लॅग, म्हणजे तो सुटल्याचं दाखवणारी खूण, पडला होता का, आणि तो कोणी उचलला? आपल्याकडे ऑपरेटरला भलती घाई असते. वीज गेली की आधी रिसेटचं बटण, मग वही. फ्लॅग हा पंचनाम्यातला पहिला साक्षीदार, आणि आपण त्याला आपल्याच हाताने गप्प करतो.

आता तारेचं टोक. ते नीट बघा. जी. आय. तारेवर जस्ताचा मुलामा असतो, पण कापलं की आतलं लोखंड उघडं पडतं. सत्तरीच्या जुलैतल्या हवेत ते चकचकीत टोक हळूहळू तांबूस होतं. तुम्ही त्याच सकाळी बघितलंत. टोक चकाकत असेल तर तार नुकतीच, बहुधा त्या रात्रीच कापली, आणि तुम्हाला पोलिसांकडे जायलाच हवं. टोक तांबूस असेल तर ती वाट जुनी आहे. कोणाच्या तरी गुरांची, किंवा, माझा अनुभव विचाराल तर, तुमच्याच माणसांची, नाक्यावरून चहा-भजी आणायला. तसं असेल तर रागावण्याआधी स्वतःला विचारा की ती इतके दिवस कोणाला दिसली कशी नाही. कुंपणाभोवती रोज एक फेरी मारून वहीत सही करायची असते. ती सही आठवडाभराची एकदम होते हे मला ठाऊक आहे, शाईचा रंग सांगतो.

खऱ्या घातपाताची एक खूण मात्र मी महत्त्वाची मानतो: मारण्याआधी तो आंधळं करतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात मेटकाफ उपकेंद्रावर रात्री बंदुकीने १७ ट्रान्सफॉर्मर निकामी केले गेले. पण पहिली गोळी सुटण्याआधी जवळच्या फायबर केबल कापलेल्या होत्या. गुन्हेगार आजतागायत सापडलेले नाहीत. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तीन वीज कंपन्यांच्या स्क्रीनवर माऊसचा बाण आपोआप फिरू लागला आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, उघडत गेला. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. त्याच वेळी तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा असा मारा झाला की खऱ्या ग्राहकांचा फोनच लागेना. २०२४ च्या २६ जुलैला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्‌घाटनादिवशी फ्रान्सच्या वेगवान रेल्वेला पांगळं केलं गेलं तेही सिग्नलच्या केबल जाळून. तेव्हा पंप बंद पडला, एवढंच असेल तर शांतपणे जाळी साफ करा. पंप, भोंगा, कॅमेरा आणि फोन हे चार एकमेकांशी संबंध नसलेले दुवे एकाच तासात गेले तर मात्र पहाटेची वाट बघू नका.

युक्रेनची पुढची गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. सहा तासांच्या आत बहुतेक सगळ्यांची वीज परत आली. कशी? संगणकाचा नाद सोडून माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि हातांनी ब्रेकर लावले. तिथली यंत्रं जुनी होती आणि हाताने काम करणारी पिढी अजून नोकरीत होती, म्हणून जमलं. तुमच्याकडे स्क्रीन बंद ठेवून, फक्त हातांनी, अख्खी पाळी चालवून बघितली आहे का कधी? वर्षातून एकदा करा. चवथीच्या आधी नको, लोक मारतील. नोव्हेंबरात करा. व्हॉल्व्ह फिरवायला गेल्यावर कळेल की किती गंजून घट्ट बसलेत.

आणि दाबाचा काटा फेकून देऊ नका. इराणच्या नतांझमध्ये स्टक्सनेट नावाच्या व्हायरसने युरेनियमची सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवली. २०१० मध्ये तो उघडकीला आला. यंत्रं नासत होती आणि स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल दिसत होतं, कारण आधी टिपून ठेवलेले चांगले आकडेच व्हायरस पुन्हा पुन्हा दाखवत होता. पाइपावर बसवलेला साधा पितळी काटा असं खोटं बोलू शकत नाही. बिघडला तर नुसता बिघडतो. दर दोन तासांनी काट्याचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. दोघांत फरक पडू लागला की कोणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा सेन्सर.

गावच्या ग्रुपवरचं ‘पाणी पिऊ नका’ हे मी सहज सोडून देणार नाही, कारण त्या मजकुराने तुमच्या पंपांपेक्षा जास्त नुकसान केलं असणार. त्याचं उत्तर रागाने देऊ नका, क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या साधनाने, द्या. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. पाण्यात काही भलतं मिसळलं तर पुष्कळदा पहिल्यांदा घटतं ते हेच. एकदम घटलं तर खरोखर पाणी थांबवा आणि नमुना प्रयोगशाळेला पाठवा. नेहमीसारखं असेल तर तीन वेगवेगळ्या घरांच्या नळांवरचे आकडे, वेळ आणि तुमचं पद घालून चार ओळींचा एक मजकूर त्याच ग्रुपवर टाका. सरपंचांना आधी फोन करा. तो मजकूर त्यांच्या तोंडून गेला तर अर्धी भीती तिथेच ओसरते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ असलं सरकारी वाक्य नको. ते वाचून माणूस आधी बाटल्या विकत आणायला धावतो.

माझ्या वडिलांनी १९६१ च्या १८ डिसेंबरला पोर्तुगीज सैनिकांनी माघार घेताना बाणस्तारीचा पूल उडवलेला पाहिला. तो उघड घातपात होता. तरी दुसऱ्या दिवशी भारतीय सैन्य पणजीत होतं. मी स्वतः १९८६ च्या ५ जुलैला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळल्याचं पाहिलं. तिथे बॉम्ब नव्हता. १६ वर्षांच्या पुलाच्या पोटातलं पोलाद गंजलं होतं. नवा पूल १९९२ साली खुला झाला. मधली वर्षं आम्ही फेरीबोटीच्या रांगेत काढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फोंड्याजवळ कुर्टी-खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या, पणजीसह तिसवाडीला कित्येक दिवस पाणी नव्हतं. तिथे रस्त्याच्या कामात डोंगर कापला होता, दरड घसरली. त्याच ऑक्टोबरात वादळाने ‘नू शी नलिनी’ हे दोन हजार टनांहून जास्त नाफ्ता, म्हणजे चटकन पेटणारं तेल, भरलेलं, खलाशी नसलेलं जहाज दोना पावलाच्या खडकांवर आणून टाकलं. एकही शत्रू नाही यांत. पण शत्रूने ठरवून केलं असतं तर याहून निराळं काय केलं असतं? बाल्टिक समुद्रात २०२३ पासून जहाजांच्या नांगरांनी केबल आणि गॅसवाहिन्या तुटतायत, आणि वादळ की हेतू यावर देशादेशांत वाद चाललेत. जिथे नांगर सुटणं नेहमीचंच, तिथे मुद्दाम सोडलेला नांगर लपायला जागा शोधत नाही.

म्हणून मी पैसे मागायला सांगेन ते कॅमेऱ्यांसाठी नाही. पहिले पैसे केबलची भोकं बुजवायला, दुसरे गंजलेल्या व्हॉल्व्हना, तिसरे कंत्राट संपलेल्या प्रत्येक माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करील अशा एका कारकुनाला. कॅमेरे मी पुष्कळ पाहिले. बऱ्याच ठिकाणी कोळ्याचं जाळं रेकॉर्ड होतं.

कायद्याचं थोडक्यात. पाणी आणि वीज यंत्रणेच्या नुकसानीसाठी सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा, १९८४ आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. आग किंवा स्फोटकं असतील तर दहापर्यंत. जीवनावश्यक पुरवठा तोडण्याचं कृत्य दहशतीच्या हेतूने केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११३. संगणकातून काही घडल्याचा संशय असेल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेला सहा तासांत कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे, आणि तो संशयातला संगणक तोवर कोणी ‘फॉरमॅट मारून’ देऊ नये. गावोगावचे हुशार लोक हेच आधी करतात. तक्रारीत ‘घातपात’ हा शब्द तुम्ही लिहू नका. काय, किती वाजता, कोणाला दिसलं एवढंच लिहा. एकदा तो शब्द कागदावर चढला की सगळे गुन्हेगार शोधायला लागतात आणि पाल कोणी शोधत नाही. आणि खरा गुन्हेगार असेलच, तर त्यालाही ही धावपळ सोयीचीच.

तुम्ही विचारलंय की तारेचा फोटो पाठवू का. मला नको, आणि ग्रुपवर तर नकोच. टोक कागदाच्या पाकिटात घाला, वर तारीख, वेळ आणि सोबत असलेल्या वायरमनची सही घ्या, आणि फोटो छापून लॉगबुकात त्या रात्रीच्या पानाला चिकटवा. ‘अज्ञात कारण, पूर्ववत केले’ हा शेरा कोणी आधीच लिहून ठेवला असेल, तर तो खोडू नका. त्याच्याखाली लिहा.